ठकूबाईच्या टाचा

फार वर्षांपूर्वी, आपल्या गावाला धड रस्ताही नव्हता, तेव्हा इथे ठकूबाई राहायची. ती पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण निघते, हे तुम्हीही ऐकलं असेल. तिच्याकडे तर सात कोसांवरून माणसं बैलगाडीत आडवी घालून आणत आणि ती पायी घरी जात, असं म्हणतात.

पण ती आधी पाय लावायचीच नाही. माणसाला पालथं निजवायची, शेजारी बसायची आणि डोक्यात काय घोळतंय ते विचारायची. दुखणं पाठीत दिसतं, पण त्याचं बिऱ्हाड डोक्यात असतं, असं तिचं म्हणणं. माणूस रडून मोकळा झाला की मगच कण्यावरून टाच फिरवायची. ऐकलेलं तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

एकदा रंगोजी पाटील कमरेत वाकला तो सरळच होईना. सहा महिने जमिनीकडे बघत फिरला. शेवटी ठकूबाईच्या ओसरीवर येऊन पालथा पडला आणि बोलू लागला.

"पटकीची साथ आली तवा आईला माळावर खोपटात ठेवली. ती पाण्यासाठी हाका मारत हुती. मी ऐकत हुतो. गेलो न्हाई."

गावाला त्याने सांगितलं होतं, आई माझ्या मांडीवर गेली म्हणून. ठकूबाईने टाच फिरवली आणि पाटील ज्वारीच्या ताटासारखा सरळ उभा राहिला, असं म्हणतात.

कंबर सरळ झाली आणि त्याला धास्ती बसली. ही बाई बोलली तर? आठ दिवसांत त्याने तिला चेटकीण ठरवलं. पंचायत बसली. ठकूबाई म्हातारी, एकटी; त्या घराशिवाय तिला जगात कुठे जागा नव्हती. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी ब्र काढला नाही. कसा काढतील? प्रत्येकाने तिच्यापाशी काही ना काही सांगून ठेवलं होतं. ती गेलेलीच सगळ्यांना हवी होती. मेल्यांनी जिच्यामुळे पाठ सरळ केली, तिलाच पाठ दाखवली.

"म्या कुनाचं काय सांगितलं का?" एवढंच ती म्हणाली आणि शिवेबाहेर गेली. जाताना तिथल्या खडकात तिच्या टाचा उमटल्या, असं म्हणतात.

त्याच वर्षी अख्ख्या गावाच्या पाठी धरल्या. मग गावाने त्या टाचांवर छप्पर घातलं. अजून दर चैत्रात तिथे तेल वाहतात, नारळ फोडतात आणि उसण भरलेली माणसं खडकाला पाठ टेकून निजतात. तोंडातून मात्र कुणी अवाक्षर काढत नाही, मागे रांग असते ना. निजतात, उठतात आणि तशीच वाकडी घरी जातात.

पहिल्या नारळाचा मान पाटलांच्या घराचा.