दोन हजार सत्तावीस रोपे

पुष्कळ वर्षांपूर्वी एका राज्यात एक अबोल माळीण राहत होती. राजाची बाग तिच्या हाती होती.

राजमातेने शेवटच्या आजारपणात राज्यातली घरे मोजवली. मोजणाऱ्याने आकडा सांगितला. राजमातेने बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि म्हणाली, "दर घरामागे एक आंबा लावा. सगळ्या ओळींत झाडं सारखी हवीत. कुणाच्याही घरचं झाड ओळीबाहेर एकटं राहायला नको."

दरबारच्या गणित्याने आकडा लिहून घेतला : २०२७.

राजमाता गेली. राजाने माळिणीला बजावले, "पौर्णिमेपर्यंत आखणी झाली नाही, तर बाग दुसऱ्याच्या हाती जाईल."

माळीण चिंचोके मांडून बसली. दोन-दोनच्या ओळी केल्या, एक उरला. तीन-तीनच्या केल्या, दोन उरले. सात-सातच्या केल्या, चार उरले. अशी ती पंचेचाळीसपर्यंत पोचली. तिथेही दोन उरलेच. मग तिने चिंचोके गोळा केले.

"थांबलीस का गं? पुढचे आकडे कोण बघणार?" शेजारीण म्हणाली.

"सेहेचाळीस-सेहेचाळीसच्या ओळी केल्या, तर ओळी पंचेचाळीसहून कमीच होणार ना? आणि तेवढे सारखे भाग पडत नाहीत, हे मघाशीच पाहिलं."

तेवढ्यात गणिती तिथून चालला होता. तो हसला. "माळीणबाई, गुपचूप एक रोप जास्त लावा. बावन्न-बावन्नच्या एकोणचाळीस ओळी होतील. कोण मोजायला बसलंय?"

"आणि ते झाड कुणाच्या घरचं म्हणू?"

"तुम्ही आपली फुलं बघा, आकडे आमच्यावर सोडा," असे म्हणून तो निघून गेला.

माळीण विचारात पडली. राजमातेने आकडा ऐकल्यावर ही अट घातली होती. न जमणारी गोष्ट ती कशाला सांगेल? मग आकडाच चुकला असेल. पण गणित्याची चूक भर दरबारात दाखवायची म्हणजे बाग आजच जायची.

तरी ती गेली. ती म्हणाली, "महाराज, या आकड्याचे सारखे भाग पडतच नाहीत. घरं मोजणाऱ्याला एकदा बोलवा."

मोजणारा म्हातारा आला. "दोन हजार बाहत्तर घरं, महाराज. दारोदार फिरलोय मी."

गणित्याचा चेहरा उतरला. 'बा' ऐकताच त्याने दोन लिहिला होता आणि 'हत्तर' ऐकल्यावर त्याच्यापुढे सात. बोलताना एकक आधी येतो, लिहिताना दशक. घाईत तो एवढेच विसरला होता.

माळिणीने तिथेच बसून भागून पाहिले. "सदतीस-सदतीसच्या छप्पन्न ओळी, महाराज. एकही उरत नाही."

मग तिने गणित्याने सुचवलेली युक्तीही सांगितली. राजाने विचारले, "आणि तसंच एक रोप वाढवून लावलं असतं तर?"

"ओळी छान दिसल्या असत्या. चव्वेचाळीस घरांना मात्र झाड मिळालं नसतं."

बाग माळिणीकडेच राहिली. राहिलेल्या पंचेचाळीस रोपांचे खड्डे राजाने गणित्याला स्वतःच्या हाताने खणायला लावले.

तात्पर्य : उत्तर जुळत नसेल, तर ते ओढूनताणून जुळवू नये, प्रश्न पुन्हा एकदा नीट ऐकावा.