दाजिबा सांबराचा नववा राजीनामा

नियम सात : हिरवळ पाहण्यासाठी आहे. चघळताना आढळल्यास सदस्याने तोंडातला घास जागेवर परत लावावा.

सांबराला वाघ दिसला की त्याचा पुढचा पाय आपोआप जमिनीवर आपटतो. का, ते सांबरालाही सांगता येत नाही.

“आज काय खाल्लंत?”
“काही नाही. आज सत्कार होता.”

गोल्फच्या मैदानात खड्डे अठरा असतात.

भिंतीवरच्या तसबिरीत एक भेकर हसतंय. भेकरं हसत नाहीत.

पाटी : बाहेर जाण्याचा रस्ता आतून आहे.

*

मुलांनो, इकडे या. नको, तुम्ही खेळा. आईबापांना पाठवा.

एक जंगल होतं आणि जंगलाच्या मधोमध एक माळ होता. माळावर गवत उगवायचं. ज्याला भूक लागेल तो ते खायचा, आणि पोट भरलं की तळ्याकाठी रवंथ करत बसायचा. इतकी मागासलेली परिस्थिती होती. मग वाघ निवडून आला.

तो कसा निवडून आला, ते सोपं आहे. तो माळावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मी तुमचा अध्यक्ष व्हावं, असं कुणाकुणाला वाटतं?” समोर सांबरं होती. सगळ्यांचे पाय एकदम आपटले. वामनराव कोल्हा बाजूलाच वही घेऊन बसला होता. त्यानं लिहिलं, ‘एकमतानं.’ त्या दिवशी कोल्हा चिटणीस झाला, आणि पाय आपटणं म्हणजे होकार, हा जंगलाचा रिवाज झाला.

अध्यक्षांचं पहिलं भाषण जुन्या सदस्यांना अजून पाठ आहे.

“मित्रांनो! या माळावर आजवर काय होतं? गवत! नुसतं गवत! जगात आपली ओळख काय होती? गवत खाणारे! सांगताना मान खाली जायची. जायची की नाही? आता इथं काय होणार? हिरवळ! आणि ती हिरवळ कुणाची? तुमची!”

पाय आपटले. दुसऱ्या दिवशी तारेचं कुंपण आलं.

आत गोल्फ क्लब झाला. तळंही आतच गेलं. बाहेर राहिल्या करवंदीच्या जाळ्या, दगड, ओढ्यापलीकडचं कुसळी गवत, आणि ज्यांचे अर्ज नामंजूर झाले ते सगळे.

दाजिबाचा अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर झाला होता. कोल्ह्यानं त्याच्याभोवती दोनदा फिरून त्याची सहा टोकांची शिंगं पाहिली आणि म्हणाला, “दाजिबाराव, तुमच्यासारख्या उंच विचारांच्या सदस्याची क्लबाला गरज आहे.” कानात पितळी बिल्ला ठोकला. दाजिबा ओढ्यापलीकडं जाऊन बायकोला, केशरला, तो बिल्ला तीनदा दाखवून आला. एकदा उजव्या बाजूनं, एकदा डाव्या बाजूनं, आणि एकदा ती झोपल्याचं सोंग करत होती तेव्हा.

सात वर्षं झाली. सात वर्षांत दाजिबानं गोल्फच्या चेंडूला खूर लावला नव्हता. त्याच्या शिंगाला लाल फडकं बांधायचे आणि त्याला खड्ड्याशेजारी उभं करायचे. तो निशाण होता. त्याचा मित्र बापू साळिंदर, तोही जुना सदस्य. बापूच्या काट्यांत अध्यक्षांच्या खेळायच्या काठ्या खोचून ठेवलेल्या असत.

“तुझं बरं आहे,” बापू म्हणायचा. “तुला निदान वारा लागतो.”

*

आता खेळाविषयी.

अध्यक्षांनी चेंडू मारला की तो कुठंही जायचा. करवंदीत, चिखलात, एकदा कोल्ह्याच्या कानशिलावर. पण अध्यक्षांचा नेम चुकतो, असं म्हणता येत नाही. कारण चेंडू पडला की घुशींची टोळी धावायची आणि चेंडूखालीच खड्डा खणायची. चेंडू आत. एका फटक्यात. कोल्हा ओरडायचा, “जिथं चेंडू!” आणि सगळे म्हणायचे, “तिथं खड्डा!”

अशा रीतीनं अठरा खड्ड्यांच्या मैदानात सहाशेच्या वर खड्डे झाले. त्यातला एक तळ्याच्या तळाशी खणला गेला. तळं त्यातून निघून गेलं. वार्षिक अहवालात त्या जागेला ‘कोरडं तळं’ असं नाव देऊन ती प्रेक्षणीय स्थळांत घातली.

“मग सोडत का नाही तुम्ही?” केशर तारेपलीकडून विचारायची. दिवसा दोघं कुंपणाशी भेटत, ती पलीकडं, तो अलीकडं. तिच्या तोंडात कुसळी गवत असायचं. कुसळी गवत टोचतं. पण पोटात जातं.

“अगं, आत असलं की शिकार होत नाही. नियम एक. ‘कुंपणाच्या आत सदस्याची शिकार केली जाणार नाही.’”

“आणि नानू भावजी?”

नानू भेकर. त्याला गेल्या महिन्यात ‘सन्माननीय सदस्य’ केलं होतं. सन्माननीय सदस्याला अध्यक्षांसोबत भोजनाचा मान मिळतो. नानू न्हाऊनधुऊन गेला. नंतर त्याची तसबीर भिंतीवर लागली.

“ती शिकार नव्हती,” दाजिबा म्हणाला. “ते भोजन होतं.”

केशरनं त्याच्याकडं पाहिलं. चावायचं थांबवून पाहिलं. मग म्हणाली, “अहो, तुमच्या बरगड्या मोजता येतात इथून. आत सगळा माळ हिरवागार, आणि तुम्ही रोज संध्याकाळी क्लब सुटला की माझ्याकडं येऊन काटेरी साली सोलता. लोकं विचारतात, मिस्टर काय करतात? मी काय सांगू? निशाण आहेत म्हणून सांगू?”

“फाटकाबाहेर वाघ आहे, केशर.”

“आणि आत कोण आहे? मामा?”

दाजिबा रागावला, आणि रागावून राजीनामा लिहायला बसला.

*

हा नववा.

आधीच्या आठांचं काय झालं, ते इतिवृत्तात आहे. पहिल्या वेळी : ‘श्री. दाजिबा यांनी राजीनामा वाचण्यास सुरुवात केली. मा. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिले. श्री. दाजिबा यांनी पाय आपटून राजीनामा मागे घेतला.’ दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी त्यानं पाय आपटून राजीनामा मागे तर घेतलाच, शिवाय अध्यक्षांच्या नावाचं उद्यान करण्याच्या ठरावाला अनुमोदनही दिलं. चौथ्या ते सातव्या वेळी : ‘कृपया मागील पान पाहावे.’ आठव्या वेळी अध्यक्ष पाठमोरे होते. दाजिबानं जवळजवळ सगळा कागद वाचून संपवला, आणि अध्यक्षांची नुसती शेपटी हलली.

“दोष तुझा नाही,” बापू साळिंदर म्हणाला. “पायाचा आहे. तो तुझ्या पक्षात नाही.”

“मग काय करू? कापू?”

“कापतोस कशाला? कुठंतरी कोंडून ठेव.”

दाजिबानं सभोवार पाहिलं. सहाशे खड्डे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला क्लबाच्या सोयीसुविधा उपयोगाच्या वाटल्या.

*

वार्षिक सभा सकाळी होती. अध्यक्ष टेकाडावर, शेजारी कोल्हा, समोर सदस्य. दाजिबा आधीच येऊन जागा धरून उभा होता. उजवा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत खड्ड्यात, वरून चिखल दाबलेला. तो उजव्या पायाचा होता. घरातून निघताना, ओढा ओलांडताना, दचकताना, सगळीकडं त्याचा उजवाच पुढं असायचा.

“दाजिबाराव,” कोल्हा म्हणाला, “पाय कुठं आहे तुमचा?”

“खड्ड्यात.”

“का?”

“खड्डे आपल्या सदस्यांचेच आहेत ना? म्हटलं, एक वापरून पाहावा.”

अध्यक्षांना हे आवडलं. “पाहा,” ते म्हणाले, “विरोधक विचारतात, खड्ड्यांनी काय साधलं? हा पाहा, सामान्य सदस्य. खड्ड्यात आहे आणि समाधानी आहे.”

पाय आपटले. बापूचे काटे वाजले. त्यातून दोन काठ्या पडल्या, त्या त्यानं उचलल्या.

मग दाजिबानं कागद वाचला. “मा. अध्यक्ष यांस. मला बाहेर जायचं आहे. कारण मला भूक लागली आहे. आपला, दाजिबा.” आधीचे आठ राजीनामे लांबलचक होते. त्यांत कौटुंबिक अडचणी होत्या, प्रकृतीच्या तक्रारी होत्या. हा लवकर संपला.

वाघानं त्याच्याकडं पाहिलं.

दाजिबाचा पाय आतल्या आत इतक्या जोरात उसळला की सांधा कट्‌कन वाजला. पण चिखलानं धरून ठेवला. आवाज झाला नाही.

वाघानं सांबराकडं पाहिलं आणि काहीच ऐकू आलं नाही, असं त्या जंगलात पूर्वी कधी घडलं नव्हतं. वाघानं कान फिरवला. मग दुसरा फिरवला. त्याला वाटलं, आपल्याच कानाला काही झालंय. खात्री करून घ्यायला तो उठून उभा राहिला.

तो उभा राहिला म्हणून बाकीच्या सगळ्या सदस्यांचे पाय आपटले.

कोल्ह्याची लेखणी कागदावर थांबली. समोर ठराव होता. ठरावावर पाय आपटले होते. रिवाज म्हणजे रिवाज. त्यानं घसा साफ केला. “राजीनामा… मंजूर. एकमतानं.” आणि जवळ येऊन दाजिबाच्या कानातला बिल्ला काढला. काढताना थोडं रक्त आलं. दाजिबाला ते कळलंही नाही.

त्यानं पाय उपसला. तो सुजून टम्म झाला होता. तीन पायांवर लंगडत तो फाटकाकडं निघाला. “जा,” बापू हळूच म्हणाला, “मागं बघू नकोस.” केशर ओढ्यापलीकडं चरत होती, तिच्या पाठीचा तपकिरी ठिपका इथूनही दिसत होता. आज दिवसाउजेडी तिच्या शेजारी उभं राहून खायचं. टोचलं तरी खायचं.

मागं कोल्हा अध्यक्षांच्या कानाशी लागला होता. मग त्यांचा आवाज माळभर घुमला.

“मित्रांनो! आज मी भारावून गेलो आहे. एका सामान्य सदस्यानं ठराव मांडला, बाहेर जायचं. आणि किती जणांनी पाठिंबा दिला? सगळ्यांनी! म्हणजे तुम्हाला सगळ्यांनाच बाहेर जायचं आहे! इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत, मनात ठेवलंत. हा तुमचा मोठेपणा. पण मी तुमचं मन ओळखतो. तुम्हाला बाहेर हवंय ना? मग तुम्ही चालत कशाला जाता? मी बाहेरच आत आणतो!”

पाय आपटले.

घुशी सुटल्या. त्यांना फक्त खणायचं ठाऊक होतं आणि ते त्यांना फार चांगलं ठाऊक होतं. कुंपणाचा एकेक खांब उपटून त्या धावू लागल्या. दाजिबा फाटकापासून दहा पावलांवर होता. फाटक उठलं आणि पुढं चालू लागलं. दाजिबानं लंगडण्याचा वेग वाढवला. फाटकानंही वाढवला. करवंदीच्या जाळ्या आत आल्या. दगड आत आले. एक वारूळ आत आलं, त्यातल्या मुंग्यांना एकत्रित सदस्यत्व मिळालं. ओढा आत आला, आणि ओढ्यावर ‘जलविहार’ अशी पाटी लागली.

दाजिबा पोचला तेव्हा केशरच्या पाठीमागं दोन घुशी शेवटचा खांब ठोकत होत्या. कोल्हा तिच्या कानात नवा बिल्ला बसवून नुकताच बाजूला झाला होता.

“अभिनंदन, वहिनी,” तो म्हणत होता. “नियम सात तेवढा लक्षात असू द्या.”

केशरनं तोंडातला घास काढला आणि जागेवर लावायला बसली. एकेक काडी. कुसळी गवत नीट उभं राहत नाही.

“सोडलात का क्लब?” तिनं मान वर न करता विचारलं.

“सोडला,” दाजिबा म्हणाला.

तिनं पुढची काडी उचलली. दाजिबाही तिच्या शेजारी बसला आणि काड्या धरायला लागला. एक उभी राहिली की दुसरी पडायची.

“दाजिबाराव,” कोल्हा अगदी आपुलकीनं म्हणाला, “एक छोटी अडचण आहे. तुम्ही आता कुंपणाच्या आत आहात आणि सदस्य नाही आहात. नियम एक सदस्यांना लागू होतो. मी नवा अर्ज आणलाय. तुमच्या शिंगांची क्लबाला फार आठवण येते. सहीची गरज नाही. पाय चालेल.”

टेकाडावरून अध्यक्ष खाली येत होते, नव्या मैदानावर पहिला चेंडू मारायला. मागं काठ्या घेऊन बापू. वाघाची नजर केशरवरून फिरली आणि दाजिबावर येऊन थांबली.

दाजिबा उठून उभा राहिला. उजवा पाय त्यानं वर, छातीशी धरला होता. सुजलेला, ठणकणारा, पण गप्प. सात वर्षांत पहिल्यांदा तो पाय पूर्णपणे त्याच्या पक्षात होता.

डाव्या पायाचा त्यानं विचार केला नव्हता.

*

कुंपण घातलं त्या वर्षीच्या गणतीत जंगलात सांबरं चारशे बारा होती. वाघ एक होता.