उपरण्याखालचा तिसरा हात

फार पूर्वी वेलापट्टण नावाच्या बंदरात यशोमित्र राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे व्यापारमंत्री होते. त्या जन्मी त्यांचे नाव सुनंद. त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. पत्नी कुवलया बोलायची कमी आणि पाहायची जास्त.

वेलापट्टणात मीठ पिके, भात पिकत नसे. तांदूळ दक्षिणेहून जहाजांनी येई आणि त्यातला काही समुद्रापलीकडच्या शंखद्वीपाला विकला जाई. त्या वर्षी उत्तरेच्या दोन राजांनी शंखद्वीपाशी युद्ध मांडले आणि समुद्रात आपल्या नौका आडव्या लावल्या. द्वीपावर दाणा पोहोचू नये, म्हणून त्यांनी वेलापट्टणाची तांदळाची जहाजेही अडवून ठेवली. वेलापट्टण कुणाच्याच बाजूचे नव्हते. तसे सांगायला राजा रोज एक होडी पाठवी. रोज तिचे म्हणणे नीट ऐकून घेतले जाई आणि तिला परत पाठवले जाई.

मग भरतीबरोबर किनाऱ्याला मडकी लागू लागली. भात शिजवायची, शंखद्वीपाच्या घडणीची, आतून चाटूनपुसून घेतल्यासारखी स्वच्छ. फुकटची वस्तू कुणीच उचलली नाही, असे वेलापट्टणात पहिल्यांदाच घडले. एकटी कुवलया ती घरी आणी आणि परसात ओळीने मांडून ठेवी.

अखेर दोन्ही राजांचा दूत भद्रसाल बोलणी करायला उतरला. यशोमित्राने सुनंदांना बजावले, "आपली जहाजं सोडवून आणा. शंखद्वीप आपलं कोण लागतं?"

त्या किनाऱ्यावर सौद्याची एक चाल होती. दोघांनी समोरासमोर बसायचे, एकेक हात पुढे करून त्यांवर उपरणे टाकायचे आणि आत बोटे दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतीच्यांना तो कळत नसे. आकडा पटला की उपरण्याखालचे सगळे हात एकदम बाहेर यायचे. एक जरी आत राहिला, तरी सौदा झाला नाही असे मानत.

पहिल्या दिवशी सुनंदांनी दोन बोटे पुढे केली. अडवलेल्यांपैकी दोन जहाजे तरी शंखद्वीपाला जाऊ द्या, बाकीची आमची आम्हाला सोडा, असा त्याचा अर्थ. भद्रसालाने मूठ मिटून घेतली. ऊन कलेपर्यंत एवढेच चालले. उपरण्याखाली फार गार लागत होते. दूताचा हातच गार असेल, असे सुनंदांना वाटले.

घरी उपरणे धुवायला घेताना कुवलयेने विचारले, "अहो, बोलणीला कितीजण बसता?"

"दोघं."

"मग तिसऱ्याला हात पुसून बसायला सांगा."

उपरण्याच्या आतल्या बाजूला मोठ्या पंजांचे दोन घामट डाग होते. त्यांच्यामध्ये एक लहान डाग होता, खाऱ्या पाण्याचा. त्याच्या कडेला मीठ फुटले होते. कुवलयेने ते पुन्हा पुन्हा खंगाळले. दोन डाग गेले.

"लहान मूल आहे," ती म्हणाली आणि उपरणे वाळत घातले. ते वाळले नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंद तेच ओले उपरणे घेऊन बसले. भद्रसालाची मूठ त्यांच्या तळव्यात होती आणि त्याचा दुसरा हात समोर मांडीवर दिसत होता. तरी आत कुणीतरी त्यांची करंगळी धरली, गर्दीत मूल धरते तशी.

सुनंदांनी हात मागे घेतला नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "हे केव्हापासून?"

भद्रसालाने मान खाली घातली. "नौका आडव्या लावल्यापासून. जिथे उपरणं टाकतो तिथे."

"राजांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी आकडा विचारला होता, अमात्य. हात किती, ते नाही विचारलं."

"आपल्या चालीप्रमाणे जो हात आत आहे, त्याचा सौद्यात वाटा आहे."

"मी मूठ उघडली तर माझं डोकं जाईल."

"मग माझं तारण ठेवा. जहाजं मी स्वतः नेतो. तुमच्या माणसांनी पोतं न् पोतं उघडून पाहावं. शस्त्र निघालं, किंवा तांदूळ सैनिकांच्या चुलीवर गेला, तर डोकं माझं घ्या."

करंगळीवरची पकड सुटली. मग भद्रसालाचा चेहरा उतरत गेला, कारण त्याच्या मुठीचे एकेक बोट कुणीतरी उलगडत होते.

"हे मी करत नाहीये," तो म्हणाला.

"मग थांबवा."

त्याने थांबवले नाही. एक बोट सरळ झाले. दुसऱ्याशी त्या हाताची खटपट चालली होती. त्याचे बळ पुरत नव्हते. तेव्हा ते भद्रसालाने स्वतः उघडले.

दोघांनी हात बाहेर काढले. उपरणे क्षणभर तसेच उंच राहिले. मग खाली बसले.

राजा रागावला. "इथली पेज पातळ करून परक्यांना भात?"

"महाराज, सौदा मोडता येईल," सुनंद म्हणाले. "मात्र तो हात मग कुठे जाऊन बसेल, ते मला सांगता येणार नाही."

यशोमित्राने आपले दोन्ही हात शेल्यातून बाहेर काढले आणि विषय बदलला.

निघायच्या वेळी कुवलयेने परसातली सगळी मडकी तांदळाने भरून जहाजावर चढवली. "कुणाचं भांडं रिकामं परत करू नये," ती म्हणाली.

"आणि मी परत आलो नाही तर?"

"तर ते उपरणं मी धुणार नाही. पडेल तसंच."

शंखद्वीपाच्या धक्क्याला जहाजे लागली. नुसते हात पुढे आले. सुनंद मडकी देत गेले. त्या गर्दीत एका मुलाने त्यांची करंगळी धरली. तो हात कोमट होता.

ते सुखरूप परत आले, तेव्हा उपरणे वाळले होते. कुवलयेने त्याची घडी घालून ठेवली होती.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे पुढे बुद्ध झालेले तेच बोधिसत्त्व, म्हणाले, "तेव्हाचा यशोमित्र म्हणजे आज कालव्याच्या पाण्याचं भांडण घेऊन आलेला हा ग्रामप्रमुख. भद्रसाल म्हणजे दाराशी बसलेला हा भिक्षू, जो अजून मूठ मिटून झोपतो. कुवलया आज भिक्षुणीसंघात आहे आणि आजही कमी बोलते. सुनंद मी होतो."

"आणि तो लहान हात?" ग्रामप्रमुखाने विचारले.

शास्त्यांनी त्याच्या मांडीवरच्या उपरण्याकडे पाहिले. "तुमची बोलणी संपेपर्यंत ते झटकू नका," ते म्हणाले. "परका असा कुणी न उरणं, हीच मैत्रीची पूर्णता, मैत्री पारमिता."