दगडी माशाचं कारंजं

फ्रान्सच्या दक्षिणेला एक जुनं शहर होतं. तिथे चौकाचौकांत दगडी कारंजी होती. कुठे सिंहाच्या जबड्यातून, कुठे फुलांच्या परडीतून पाणी झुळझुळायचं आणि कोवळ्या उन्हात त्याचे थेंब मोत्यांसारखे लखलखायचे. साऱ्या शहराची तहान हीच कारंजी भागवायची.

त्या शहरात सोलांज नावाची लहानगी मुलगी आईबरोबर राहायची. तिचे बाबा देवाघरी गेले होते. आई लोकांचे कपडे धुवायची आणि सोलांज घरोघरी पाणी भरायची. हिवाळाभर गार पाण्यात राबून आईला खोकला जडला. झाडांना नवी पानं फुटली, तरी ती अंथरुणातून उठेना. डॉक्टर येऊन गेले. निघताना त्यांनी सोलांजच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलांज शहराच्या तटाजवळच्या बागेत पाणी भरायला गेली. तिथलं छोटुकलं कारंजं शेवाळाने मढून हिरव्या मखमलीसारखं झालं होतं. घागर बुडवताना तिला रडू आवरेना. तेवढ्यात तुषारांत इंद्रधनुष्य उमटलं आणि त्यावरून एक इवलीशी परी खाली उतरली. निळाशार झगा, चंदेरी पंख, केसांत दवाचे मणी.

“रडू नकोस, बाळ,” ती म्हणाली. “मी या कारंज्यांची परी. तुला हवं ते माग, हवं तितक्या वेळा माग. पण एक नियम आहे. दर इच्छेला शहरातलं एक कारंजं आटेल. कुठलं, ते माझ्या हातात नाही आणि तुझ्याही नाही.”

कारंजी तर कितीतरी आहेत, सोलांजच्या मनात आलं.

“परीताई, माझ्या आईला बरं कर.”

ती घरी पोचली, तर आई खिडकीत बसून केस विंचरत होती. तिच्या गालांवर गुलाबी रंग चढला होता. सोलांज तिला बिलगली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली.

दुपारी ती कुंभारांच्या आळीत गेली. तिथल्या दगडी माशाचं कारंजं कोरडं पडलं होतं. बायका रिकामी भांडी घेऊन दूरच्या चौकाकडे निघाल्या होत्या. आंधळे बास्त्यां आजोबा मात्र तिथेच उभे राहून माशाच्या तोंडात बोटं घालून चाचपत होते. तेवढं एकच कारंजं त्यांना एकट्याने गाठता यायचं.

सोलांज धावत बागेत गेली. “परीताई, ते पाणी परत येऊ दे.”

“येईल. पण मग दुसरं कुणाचं तरी आटेल. मागतेस?”

सोलांजने मान खाली घातली. “नको,” ती हळूच म्हणाली.

तिने घागर भरली आणि चढावाच्या वाटेने बास्त्यां आजोबांच्या दारी नेली.

“आजोबा, तुमचं पाणी माझ्यामुळे गेलं,” तिने सगळं सांगून टाकलं.

आजोबांनी हात पुढे करून घागर चाचपली. मग त्यांनी विचारलं, “आई बरी आहे ना?”

“हो.”

“मग घागर आत ठेव, पोरी.”

तेव्हापासून ती रोज पाणी नेऊ लागली, आधी आजोबांना, मग आळीतल्या इतर म्हाताऱ्यांना. आईसुद्धा तिच्या मदतीला येऊ लागली. उन्हाळ्यात फरशा तापल्या, सोलांजच्या अनवाणी पायांना फोड आले. कधीकधी परी तुषारांतून डोकावून विचारायची, “बूट हवेत का गं?” सोलांज पायांकडे बघायची आणि नकारार्थी मान हलवून घागर उचलायची.

चिनाराची पानं पिवळी झाली तेव्हा एका सकाळी परी कारंज्याच्या काठावर तिची वाट पाहत बसली होती.

“माझ्याकडे पुष्कळांनी मागितलं,” ती म्हणाली. “पण कुणाचं पाणी गेलं हे बघायला तुझ्याखेरीज कुणी गेलं नाही. तू गेलीस, म्हणून तो नियम आता संपला, बाळ, आणि माझं इथलं राहणंही. जाता जाता एक माग. आता काहीच आटणार नाही.”

“तू जाणार?” सोलांजचे डोळे भरून आले. ते पुसून ती म्हणाली, “आजोबांच्या आळीत पाणी येऊ दे.”

परीने तिच्या कपाळावर ओठ टेकवले. तिचे पंख उजळले, झगा उजळला, सारी बाग सोनेरी उजेडाने भरून गेली. उजेड ओसरला तेव्हा काठावर कुणीच नव्हतं.

सोलांज कुंभारांच्या आळीत आली. दगडी माशाच्या तोंडातून पाण्याची जाडजूड धार कोसळत होती. आवाज ऐकून आजोबा आधीच बाहेर आले होते. त्यांनी धारेखाली ओंजळ धरली, काठोकाठ भरली आणि सोलांजची पावलं वाजली त्या दिशेला पुढे केली.

“ये पोरी,” ते म्हणाले. “आधी तू पी.”