हक्कोसची वंशावळ

“...पण बाबा, हक्कोस म्हणजे काय, ते आधी सांगा.”

इसाजी वाकरुळकर उंबऱ्यातच उभा होता. अष्टागरातल्या, तेलाचे घाणे चालवणाऱ्या ज्यूंच्या त्या गावात सामाजीबाबा सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवत, आणि इसाजी तीन वर्षं त्यांच्याकडे हिब्रू शिकत होता. शिष्य हुशार होता. ते त्याला ठाऊकही होतं.

हक्कोस हे त्याच्या घराण्याचं जुनं नाव. कोहेनांचं, म्हणजे याजकांचं कुळ. तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या वाचनाला पहिला मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा. आता परदेशातून एक पंडित इथल्या ज्यूंवर अहवाल लिहायला आले होते. तेल्यांच्या गावात याजक कुठले, असं ते म्हणाले. वंशावळीचा कागद दाखवा, नाहीतर गुरुवारच्या वाचनाला मागे बसा.

“काटा,” बाबा म्हणाले. “हक्कोस म्हणजे काटा.”

इसाजीचा चेहरा पडला. त्याला काहीतरी भारदस्त हवं होतं.

हे नाव पहिल्यांदा कोणाला पडलं, ते कुणालाच माहीत नाही, असं बाबांनी सांगितलं. शास्त्रात एवढंच आहे. बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले, तेव्हा हक्कोसच्या वंशजांनी नोंदीत आपली नावं शोधली. सापडली नाहीत. त्यांना याजकपदावरून काढलं. पुढे यरुशलेमचा कोट बांधायला घेतला, तेव्हा बांधणाऱ्यांत हक्कोसचा एक नातू होता. त्याने एक नाही, दोन ठिकाणी कोट बांधला.

“म्हणजे कागद तेव्हाही नव्हता,” इसाजी म्हणाला.

मग तो खऱ्या कामावर आला. बाबांचं अक्षर जुन्या वळणाचं होतं. पेटीत जुनं चामडंही होतं. त्यावर बाबांनी पंधरा पिढ्या लिहून दिल्या, तर पंडितांना काय कळणार होतं?

बाबा उठले. चामडं, बोरू आणि शाई त्यांनी त्याच्यापुढे मांडली.

“तूच लिही. पणजोबांपर्यंतची नावं तुला ठाऊक आहेत. त्यांचा बाप कोण?”

इसाजीने बोरू बुडवला...

टोकावरची शाई वाळली. त्याने बोरू खाली ठेवला.

“खोटा बाप नको मला,” तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी बाबांनी पहिलं नाव इसाजीचंच पुकारलं. पंडित उठून आडवे आले. त्यांनी कागद मागितला. नाही, असं इसाजीने सांगितलं. आणि असता तरी दाखवला नसता, हेही. मग मागे जा, असं पंडितांनी फर्मावलं.

सगळी माणसं इसाजीकडे पाहू लागली...

तो हलला नाही. बाबांनी ग्रंथ उलगडून त्याच्यासमोर धरला, आणि इसाजीने वाचनाआधीचा आशीर्वाद मोठ्याने म्हटला.

वाचन झाल्यावर पंडितांनी वही काढली. या घराण्याबद्दल अहवालात काय लिहायचं, असं त्यांनी रागानेच विचारलं.

बाबा ग्रंथ गुंडाळत होते.

“लिहा... कागद मागितला, तो दिला नाही. जागा मागितली, तीही दिली नाही.”