काळ्या खडकामागून

फार पूर्वी, समुद्राची मापं कुणी कागदावर उतरवली नव्हती तेव्हा, एक बेट होतं. समोर किनारा आणि मध्ये जोराच्या ओढीची खाडी. बेटाच्या धक्क्यावरून उडी मारून ही खाडी पोहून गेलेला एकच माणूस होता, होड्यांचा म्होरक्या म्हातारा तांडेल. त्या पोहण्याला चाळीस वर्षं झाली होती. तेव्हापासून दर नारळी पुनवेला समुद्राला पहिला नारळ तोच वाही. बेटावरच्या सर्वांत मोठ्या पोहणाऱ्याचा तो मान होता.

एके दिवशी जाळी विणणारीची तेरा वर्षांची मुलगी धक्क्यावरून खाडीत उतरली. तांडेलाला पलीकडे पोचायला दुपार झाली होती. ही ऊन तापायच्या आत पोचली.

किनाऱ्यावर ढोल वाजले. पुनवेचा नारळ हातातून निसटताना तांडेलाला दिसला.

तो पंचांपुढे म्हणाला, "धक्क्यावरून ना? त्यात काय मोठंसं. धक्क्यावरून पोरंसोरंही जातील. खरं पोहणं बेटाच्या पाठच्या काळ्या खडकामागून, दुप्पट लांबून. तिथून येईल त्याचा मान."

पंचांनी माना डोलावल्या. वडीलधारा बोलला की मान डोलवायची, यालाच बेटावर विचार करणं म्हणत.

मुलीने ओले केस पिळले. "खडकामागून तर खडकामागून. पण तांडेलकाका, आणखी काही आठवत असेल तर आत्ताच सांगा. आई रोज रोज सोडणार नाही."

"ओहोटीला उलटं," तांडेल म्हणाला.

आठ दिवसांनी ती खडकामागून, भर ओहोटीत निघाली. तांडेल सोबतच्या होडीत बसला. होडीला हात लागला की पोहणं बाद. अर्ध्या वाटेत तिचे ओठ निळे पडले. लाटेने तिला होडीपासून वीतभर अंतरावर आणलं.

"धर गं बाय, कशाला जिवाला त्रास?" तांडेलाचा आवाज गुळासारखा होता आणि नजर तिच्या बोटांवर.

"तुम्ही बसून दमलात का काका?" तिने विचारलं आणि हात मारत पुढे गेली. दिवस कलायच्या आत ती वाळूवर उभी होती.

पुनव आली. नवी बंडी घालून तांडेल नारळ घेऊन पुढे झाला.

"नारळ तिला द्या," थोरले पंच म्हणाले.

"चाळीस वर्षं मी वाहतोय."

"तुम्ही धक्क्यावरून गेला होतात, तांडेल. मान खडकामागून येणाऱ्याचा. नियम तुम्हीच सांगितलात."

नारळ मुलीच्या ओंजळीत गेला.

पुढच्या वर्षापासून लहान मुलं शिकायला म्हणून धक्क्यावरून खाडी पोहू लागली. सोबत आया होड्या वल्हवत. त्या सरावाला मुलांनी नाव ठेवलं, तांडेलाची फेरी.

लहानांनो, आणि त्याहून जास्त थोरांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याचा पराक्रम कमी लेखायला निघालेला माणूस आधी स्वतःचाच पुसतो.