चाटूनं समुद्र ढवळणारी इना हेलुआ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मात्र विचारू नका. तेव्हा वर्षं मोजायला कुणाला सवड नव्हती. आज ज्याला आपण इंडोनेशिया म्हणतो, त्याच्या अगदी पूर्वेला समुद्रात मूठभर बेटं पसरली आहेत. त्यांतल्याच नुसालेवा नावाच्या लहानशा बेटावर एकच गाव होतं, आणि त्या गावात इना हेलुआ राहायची. इना म्हणजे आई. तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण तिला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारायची कुणाला कधी सुचलंच नाही.

इना हेलुआ होडी चालवायची. नवरा गेल्यावर त्याची होडी तिनं हातात घेतली आणि बेटावरच्या माणसांना पलीकडच्या मोठ्या बेटावर नेऊ-आणू लागली. मधला समुद्र वाईट होता. दोन प्रवाह समोरासमोर येऊन भिडायचे, आणि चांगल्या होडीलाही पलीकडे पोचायला अर्धा दिवस लागायचा. पण इना वल्ही मारताना अखंड बडबड करायची, आणि तिच्या बडबडीत लोकांना भीती वाटायचं राहून जायचं. असं म्हणतात, की समुद्रही ऐकत बसायचा.

आता त्या बेटाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तिथे जमीन कुणाचीच नव्हती. झाड मात्र लावणाऱ्याचं. तुमच्या दारातलं नारळाचं झाड शेजाऱ्याच्या आजोबांनी लावलेलं असेल, तर नारळ शेजाऱ्याचे, तुमची फक्त सावली. आणि झाडांवर सासी असायची. सासी म्हणजे बंदी. नारळाचा कोवळा पाला विणून त्याची गाठ एखाद्या झाडाला मारली, की ती सुटेपर्यंत त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. गाठ सोडायची ती फक्त केवांगनं. केवांग म्हणजे गावाच्या झाडांचा आणि पाण्याचा राखणदार. दुसऱ्या कुणी ती तोडली, तर ज्याच्यासाठी तोडली त्याचंच वाईट होतं, अशी सगळ्यांची खात्री होती. ही भीती होती म्हणून नारळ झाडावर पिकत होते, आणि उपासमारीच्या महिन्यांत पोरांच्या पोटात काहीतरी जात होतं.

त्या गावात आमा रेहाता नावाचा एक माणूस होता. मनानं वाईट नव्हता, पण झाडांच्या बाबतीत फार चिवट. आपल्या आजोबांनी लावलेलं एकूण एक झाड त्याला तोंडपाठ होतं, आणि न लावलेलीही दहा-बारा. एके दिवशी तो इनाच्या होडीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला,

"इना, ही होडी ज्या झाडाची कोरली ना, ते झाड माझ्या आजोबांनी लावलेलं होतं."

"वीस वर्षं बसतोयस हिच्यात," इना म्हणाली. "आज आठवलं?"

"आठवायला वेळ लागला, म्हणून काय झाड तुझं झालं?"

दोघं भांडत केवांगकडे गेली. केवांगला मात्र पलीकडे जायची घाई होती. मोठ्या बेटावर त्याच्या पुतणीचं लग्न होतं, आणि गावची सुईण, म्हातारी नेने उला, तीही त्याच्याबरोबर निघाली होती. केवांग म्हणाला, "आठ दिवसांनी येतो, मग निवाडा करतो. तोवर होडीवर सासी." त्यानं पाल्याची गाठ विणून रेहाताच्या हातात दिली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की केवांगला पलीकडे जायचं तर तेही त्याच होडीतून. गावातल्या बाकीच्या होड्या दक्षिणेच्या खडकांकडे मासेमारीला गेल्या होत्या, धडधाकट माणसं त्यांच्याबरोबर, आणि त्या पंधरा दिवस येणार नव्हत्या.

मग इनानं काय केलं असेल? केवांगला आणि सुईणीला होडीत घातलं, पलीकडे सोडलं, परत आली, होडी स्वतः वाळूवर ओढली आणि रेहाताला म्हणाली, "घे, बांध तुझा पाला." तो गाठ मारत होता तेव्हा होडी हलू नये म्हणून तिनं काठ धरून ठेवला. रेहाताचं काम पक्कं. त्यानं तोच पाला लांबवून होडीला बांधला, बाजूच्या आधाराच्या लाकडाला बांधला, आणि वल्ह्यांनाही बांधला. इनाला राग आला नव्हता, असं नाही. चांगला आला होता. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही, आणि इना गप्प आहे म्हटल्यावर गावाला काही सुचेना.

तिसऱ्या दिवशी पहाटे रेहाताच्या मुलीला कळा सुरू झाल्या. तिचं नाव वेलिमा. दिवस भरायला अजून महिना होता, म्हणून तर सुईण बिनघोर लग्नाला गेली होती. ऊन वर आलं तरी सुटका होईना. घरातल्या म्हाताऱ्यांनी पोटावर हात फिरवून पाहिला आणि एकमेकींकडे बघितलं. मूल आडवं होतं. आडवं मूल फिरवणारे हात त्या सगळ्या बेटांवर एकाच बाईचे होते, आणि ती बाई पलीकडे लग्नाचं जेवत होती.

रेहाता लंगडत किनाऱ्यावर आला. एक पाय अधू होता म्हणून तो मासेमारीला गेला नव्हता. त्यानं होडीवरच्या गाठीला हात घातला. तेवढ्यात मागून इनानं त्याचं मनगट धरलं.

"सोड मला, इना! पोर मरतेय माझी!"

"माहीत आहे मला. म्हणून तर धरलंय. कुणासाठी तोडतोयस ही गाठ?"

रेहातानं घराकडे बघितलं.

"वेलिमासाठी ना? आणि तिच्या पोटातल्यासाठी? मग तोडल्याचं फळ कुणाच्या वाट्याला येईल?"

रेहातानं गाठीवरचा हात काढला. स्वतः मारलेली गाठ, तीही अशी पक्की, आणि आता ती सोडवणारा समुद्रापलीकडे. तो वाळूत बसला आणि मोठ्यानं रडला. इना त्याच्याकडे बघत राहिली. दोन दिवस मनात घोळवलेली सगळी बोलणी तिच्या तोंडाशी आली असतील, आणि बोलली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. पण तिच्या डोळ्यांपुढे वेलिमा होती. ही पोर लहानपणी होडीच्या टोकाला बसायची आणि पलीकडे पोचेपर्यंत एक हात पाण्यात सोडून ठेवायची. इनानं ती बोलणी गिळली.

तिनं किनाऱ्यावर नजर फिरवली. भरतीनं आणून टाकलेला एक ओंडका पडला होता. कुठल्या लांबच्या नदीनं उपटलेलं अख्खं झाड, एका बाजूला मुळं तशीच. ती त्याला पाण्याकडे ढकलू लागली. रेहाता उठला, खांदा लावायला आला, आणि सवयीनं विचारून बसला,

"हे कुणाचं झाड?"

"समुद्राचं," इना म्हणाली. "आणि तो पाला बांधत नाही. ढकल."

ओंडका मिळाला, पण वल्हं? वल्ह्यांवर सासी. इना पळत घरी गेली आणि चुलीजवळचा चाटू घेऊन आली. तिथली माणसं सागोच्या झाडाचा गाभा कुटून त्याचं पीठ काढतात, पाण्यात कालवतात आणि वर उकळतं पाणी ओतत ओतत घोटतात. दुधासारखं पातळ पाणी घोटता घोटता एकाएकी दाट होतं, चकचकीत आणि चिवट. ते त्यांचं रोजचं जेवण. ते घोटायचा हा चाटू, हातभर लांब, पुढे पसरट, एका बाजूला जळलेला. तो घेऊन इना ओंडक्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसली आणि निघाली.

किनाऱ्यावरून तेवढं दिसलं. पुढचं कुणी पाहिलं नाही, म्हणून ते सगळ्यांना अगदी नीट माहीत आहे.

असं म्हणतात, की पहिला प्रवाह तिनं बोलूनच पार केला. समुद्राला ती वेलिमाच्या सगळ्या खोड्या सांगत गेली. पण मध्यावर, जिथे दोन प्रवाह भिडतात, तिथे ओंडका गरगर फिरू लागला. एकदा ती खाली गेली, वर आली. दुसऱ्यांदा गेली, वर आली. चाटू सोडला नाही. तेव्हा मात्र इनाला खरोखर भीती वाटली. तिला बोलायला शब्द सुचेनात, आणि असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. हात काय करत होते तेही तिला कळत नव्हतं. आयुष्यभर जे केलं तेच ते करू लागले. ते ढवळू लागले. पातेल्यातलं पीठ घोटावं तशी ती समुद्र घोटत राहिली, एकाच दिशेनं, न थांबता.

आणि समुद्र दाट झाला.

जाणती माणसं सांगतात, की ओहोटी संपून भरती लागायच्या आधी त्या जागी पाणी थोडा वेळ निपचित पडतं, आणि इनाला ती वेळ पक्की ठाऊक होती. सांगोत बापडे. ते काही खोटं बोलत नाहीत. पण नुसालेवात कुणालाही विचारा. पाणी घट्ट झालं, लाटा जागच्या जागी थिजल्या, आणि त्या चकचकीत पाण्यावरून ओंडका असा घसरत गेला, की मागे रेघही उठली नाही. असं म्हणतात, की मासे जिथे होते तिथेच अडकून टकमका बघत राहिले.

मोठ्या बेटावर लग्नाची पंगत बसली होती. कुणीतरी समुद्राकडे बघितलं आणि हातातला घास खाली ठेवला. पाण्यावरून एक बाई येत होती. खाली होडी नाही, हातात वल्हं नाही, आणि ती समुद्र ढवळत होती. सगळी पंगत उठून किनाऱ्यावर धावली. केवांग कमरेइतक्या पाण्यात शिरला.

"इना, होडी कुठाय?"

"पाल्यात," इना म्हणाली. "नेने उला कुठाय? वेलिमाचं मूल आडवं आहे."

केवांगनं मान खाली घातली. नवऱ्या मुलीनं आपली सजवलेली होडी पुढे केली, आठ वल्हेकरी जेवण टाकून वल्ह्यांवर बसले, आणि नेने उला, केवांग नि इना त्या फुलांच्या होडीतून परत निघाली. वाऱ्यानं साथ दिली. सूर्य टेकायच्या आत होडी नुसालेवाला लागली. नेने उलानं हाताला तेल लावलं, सगळ्यांना बाहेर काढलं, आणि घराघरांत दिवे लावायच्या वेळी आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. वेलिमा थकली होती, पण घरच्यांना हाक मारत होती आणि प्यायला पाणी मागत होती.

सगळं गाव रेहाताच्या दारात जमलं. रेहाता मात्र तिथे नव्हता. तो झाडावर चढला होता, त्या अधू पायानिशी, आणि शहाळं घेऊन इनाकडे आला होता. इना आपल्या पायरीवर बसली होती. तिच्या तळहातांची साल निघाली होती आणि तिला काही धरवत नव्हतं. मग रेहाता खाली बसला, शहाळं त्यानं स्वतःच्या हातांनी तिच्या ओठांना लावलं आणि संपेपर्यंत धरून ठेवलं. निम्मं पाणी तिच्या अंगावर सांडलं.

"इना," तो म्हणाला, "आजोबांनी लावलं होतं की नाही, मला खरंच आठवत नाही. मी उगाच बोललो. तुझे उपकार मी कसे फेडू?"

"पोचलो ना आपण?" इना म्हणाली. "मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी केवांगनं सगळ्यांसमोर होडीवरची गाठ सोडली आणि झाड कुणाचं ते विचारलं. रेहाता म्हणाला, "माझं नाही." इना म्हणाली, "मलाही माहीत नाही. माझ्या नवऱ्यानं आणलं, कुठून ते त्यानं सांगितलं नाही." तेव्हा केवांगनं निवाडा दिला, आणि त्या बेटावरचा तो सगळ्यांत लहान निवाडा आहे: नुसालेवात होडीला पाला बांधायचा नाही. कुणाचीही असो, कितीही भांडण असो.

इना हेलुआ पुढे पुष्कळ वर्षं नाव चालवत राहिली. ती वारली कशी, हे कुणी सांगत नाही. पलीकडे गेली आणि अजून माणसं आणायची आहेत म्हणून थांबली आहे, असं म्हणतात.

आज तिथे मोटारीच्या होड्या आहेत आणि मोठ्या बेटावर दवाखाना आहे. पण बाईला कळा सुरू झाल्या, की किनाऱ्यावरून दिसेल ती पहिली होडी तिची. मग ती मासळीनं भरलेली असो, लग्नाला निघालेली असो, की अर्ध्या समुद्रात असो. नुसतं कापड हलवलं तरी ती वळते. मालकाला विचारत नाहीत. मालकही कुठे जाता म्हणून विचारत नाही. त्या खेपेपुरता होडीला मालकच नसतो. ती इनाची असते.

होडी पलीकडे लागली, की घरचे लोक नावाड्याचे हात धरतात, डोळ्यांत पाणी आणतात, आणि आभार मानतात ते इना हेलुआचे, तिचं नाव घेऊन, मोठ्यानं. नावाड्याला त्याचं वाईट वाटत नाही. तो बाईला उतरवून घेतो, आणि इनाच्या वतीनं त्यानंच उत्तर द्यायचं असतं. बाप्या असो की बाई, म्हातारा असो की कालच मोटार चालवायला शिकलेला, उत्तर एकच.

"पोचलो ना आपण? मग झालं तर."